विहाराची किल्ली कोणाच्या कमरेला?



तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे काढले, बुवा-महाराजांच्या पायांवरून डोके उचलले. आता स्वतःला एकच विचारा. उचललेले डोके पुन्हा दुसऱ्या कुणाच्या पायावर तर टेकत नाही ना?

आमच्या मानोरा तालुक्यातल्या एका विहारात नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका बाईंनी दानपेटीचा हिशेब विचारला. उत्तर मिळाले, "कालची दीक्षा तुमची, आणि आज हिशेब मागता?" बाई खाली बसल्या. सभेत मीही होतो. मीही गप्प बसलो.

इंग्लंडात लेस्टर येथील ख्रिस्ती मठात १४४० साली हेच दुखणे होते. मठाधिपती तहहयात धनी. त्याची आज्ञा पाळण्याचे व्रत बाकीच्या पाद्र्यांना. विल्यम सॅडिंग्टन या मठाधिपतीने खजिन्याचे काम स्वतःच्याच हातात ठेवले होते, मठाची सांपत्तिक स्थिती इतरांना कळत नव्हती. पाद्र्यांना तोंड फुटले ते केव्हा? बाहेरचा बिशप तपासणीला आला आणि त्याने एकेकाला एकांतात विचारले तेव्हा!

तथागतांनी संघात अशी गादीच ठेवली नाही. देवदत्ताने नेतृत्व मागितले. ते त्याला तर नाहीच, सारिपुत्त-मोग्गल्लानांनाही देणार नाही, असे त्यांनी सांगितले. महापरिनिब्बाणाच्या वेळीही वारस नेमला नाही. मागे ठेवला तो धम्म आणि विनय. संघाचे महत्त्वाचे काम ठराव मांडून, तीन वेळा विचारून होई. मतभेद राहिला तर शलाका वाटून मते मोजत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला याचीच आठवण करून दिली. आपल्या वाशीमचे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचे, वाकाटक राजे. त्यांपैकी हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून दान दिले ते संघाला, एखाद्या थेराला नव्हे.

वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. त्या दिवशी सर्वांत ज्येष्ठ भिक्खू सर्वांत आधी संघापुढे हात जोडतो आणि माझा काही दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करतो. लेस्टरच्या पाद्र्यांना जे बंद दाराआड सांगावे लागले, ते येथे थेर भर संघात स्वतः मागून घेतो.

तुम्ही म्हणाल, हे भिक्खूंचे झाले. आम्ही संसारी माणसे. मग कोसंबीच्या उपासकांकडे पहा. तेथे क्षुल्लक कारणावरून भिक्खूंत दोन तट पडले. तथागतांचेही ऐकेनात, तेव्हा तथागत त्यांना सोडून निघून गेले. उपासकांनी काय केले? वंदन थांबविले, भिक्षा थांबविली. भिक्खू भानावर आले आणि तथागतांकडे क्षमा मागायला गेले. तेथे कोणी त्या उपासकांना दीक्षेचे वर्ष विचारल्याचे विनयात लिहिलेले नाही!

अर्थात, विचारणाऱ्यानेही आपले मन तपासावे. जुने वैर काढण्यासाठी मागितलेला हिशेब हासुद्धा कोसंबीचाच तंटा. भिक्खूंना वंदन करावे, ज्येष्ठांचा मान ठेवावा. परंतु दानपेटीतला रुपया मजुरीतून आलेला असतो, आणि त्याची वही कोणाच्या घरी ठेवायची वस्तू नव्हे.

त्या बाई परवा भेटल्या. वही अजून कोणी दाखविलेली नाही. येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर त्या पुन्हा उभ्या राहणार आहेत. या खेपेस मी त्यांच्या शेजारी उभा राहीन, असे मी त्यांना सांगितले आहे.