स्वखुशीने

आपल्याकडच्या कागदांना खुशी फार आवडते. जमीन हातची जात असते, विकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव चाललेली असते, पण दस्ताचं नाव पडतं 'खूषखरेदीखत'. दुष्काळी जत तालुक्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाऊस हुकला, बोअर आटली, त्यातच दवाखाना नाहीतर लग्न निघालं, की व्याजानं पैसा देणारा कुणीतरी सापडतोच. तो गहाणखत मागत नाही, सरळ खरेदीच लिहून घेतो. 'पैसं फिटलं की फिरवून देतो,' एवढं मात्र तोंडी राहतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका खुशीवर मी सही केली आहे. नोकरी नव्हती. एका पतसंस्थेच्या वसुलीवर असलेले ओळखीचे साहेब म्हणाले, "चल गड्या, ताब्याला जायचंय. दोन पंच लागत्यात." मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसून गेलो. दोन खणांचं माळवद होतं. घरधनी भिंतीला टेकून उभा. सामान बाहेर येऊ लागलं आणि माझं अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडं आली. लोखंडी खाट एक. पत्र्याची पेटी एक. घागरी दोन. आत बाई चुलीपुढं बसलेली. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, नीट भाजली, फडक्यात बांधली आणि मगच उठली. तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी साहेबांनी मजकूर सांगितला, 'कर्जदाराने घराचा ताबा स्वखुशीने दिला.' मी तो लिहिला आणि खाली सही केली. परतताना धाब्यावर थांबलो. पोटभर जेवलो, हेही खरं.

हे सगळं परवा आठवलं ते रमीन बहरानी या दिग्दर्शकाचा '९९ होम्स' हा 2014 चा अमेरिकी चित्रपट पाहताना. फ्लोरिडातला डेनिस नॅश हा बांधकामावरचा कामगार. हप्ते थकतात. रिक कार्व्हर नावाचा दलाल पोलीस घेऊन दारात येतो आणि आई-मुलासह त्याला घराबाहेर काढतो. सामान हिरवळीवर येऊन पडतं. पुढं पोटासाठी नॅश त्याच कार्व्हरकडं कामाला लागतो. आधी घाण उपसायची, मग किरकोळ चोऱ्या, आणि एके दिवशी तोच दुसऱ्याच्या दारात उभा राहून 'घर रिकामं करा' म्हणतो. आपलं गेलेलं घर परत मिळवायचं, एवढाच त्याचा हिशेब असतो. मुकाट्यानं किल्ली देणाऱ्याला तिथं थोडी रोकडही मिळते. म्हणजे खुशी तिकडच्याही कागदावर असते. शेवटी एक बनावट कागद कोर्टात पोचवायची पाळी नॅशवर येते. तो पोचवतोही. मात्र त्या कागदापायी बेघर होऊ घातलेला माणूस बंदूक घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा नॅशच्या तोंडून खरं बाहेर पडतं.

आपल्याकडं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 सालीच 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला होता. कथा ना. ह. आपट्यांची. जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी साकारला होता व्ही. शांताराम यांनी. त्यात पाश टाकणारा कोण, हे लगेच ओळखू येतं. नॅशची गोष्ट जास्त बोचते, कारण तिथं दोरी ओढणारा हात कालपर्यंत त्याच दोरीत अडकलेला होता. सावकार काय, दलाल काय, एकट्यानं कुणाचं घर काढू शकत नाही. त्याला लिहिणारा लागतो, सामान उचलणारा लागतो, दोन पंच लागतात. आणि हे सगळे गावातलेच, गरजू, कुणाच्या तरी ओळखीचे असतात.

मी सही केली त्या दिवशीचं कर्ज खरं होतं. ठेवीदारांचे पैसेही खरे होते. ताबा घेणं कदाचित नियमाला धरूनच असेल. खोटा होता तो एक शब्द, आणि तो माझ्या अक्षरात होता.

कायदा अगदीच आंधळा नाही. कर्जापायी जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेताची औजारं आणि बाईनं धर्माप्रमाणे अंगावरून उतरवू नये असा दागिना यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 हात लावू देत नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानं तर खूषखरेदीच्या आत डोकवायची सोय केली आहे. व्यवहार सावकारीतून झाल्याचं सिद्ध झालं, तर गेल्या 15 वर्षांतली खरेदी रद्द करून जमीन मूळ मालकाला परत द्यायचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतो. पण सिद्ध व्हायचं कशावर? कागद म्हणतो, खुशीनं दिली. आणि त्या कागदाखाली सही असते माझ्यासारख्याची.

म्हणून एवढंच सांगणं आहे. कुणी साक्षीदार म्हणून बोलावलं, पंच म्हणून नेलं, तर जरूर जा. पण सही करण्याआधी शेवटची ओळ वाचा. समोरच्या माणसाच्या तोंडाकडं एकदा बघा. तिथं खुशी दिसली नाही, तर पेन खाली ठेवा.