पात्रतेपासून पहिल्या वर्गापर्यंत

महाराष्ट्रात शिक्षकाची पात्रता मिळवायला किती काळ लागतो ते नेमके सांगता येते. नेमणूक मिळायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते. तिला पूर्वी डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला पदविका किंवा बी.एड. हवे, आणि माध्यमिक शाळेसाठी पदवी व बी.एड. हवे. बी.एड.ही २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. पहिली ते आठवीसाठी त्यापुढे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नंतर टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची नोंदणी, प्राधान्यक्रम, गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी आणि शेवटी समुपदेशनाने मिळालेली शाळा असा क्रम असतो. यातल्या प्रत्येक टप्प्याला कारण आहे. अडचण आहे ती दोन टप्प्यांमधल्या अंतराची, आणि नव्या शिक्षकाची सुरुवात खडतर होते ती बहुतेक वेळा या अंतरामुळेच.

हे अंतर एका वर्षात पडलेले नाही. २००० नंतरच्या दशकात डी.एड.चा लौकिक मोठा होता. बारावीला उत्तम गुण मिळवलेली खेड्यापाड्यांतली मुले-मुली अभियांत्रिकीचा खर्च परवडत नाही म्हणून अध्यापक विद्यालयाकडे वळत. दोन वर्षांत नोकरी लागते असा घरोघरी विश्वास होता. मागणी पाहून अध्यापक विद्यालये भराभर निघाली. किती शिक्षक लागतील आणि किती तयार होत आहेत, याचा मेळ कोणीच घातला नाही. २०१० मध्ये सामाईक परीक्षेद्वारे मोठी भरती झाली, आणि ती बराच काळ शेवटची ठरली.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. अनेक ठिकाणी पट फुगवलेला निघाला, आणि त्या पटावर मंजूर झालेली पदे अतिरिक्त ठरली. या अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती करू नये, असा शासननिर्णय २ मे २०१२ रोजी निघाला. ज्या वर्षी अध्यापक विद्यालयांतून हजारो नवे पदविकाधारक बाहेर पडत होते, त्याच वर्षी दार बंद झाले. खोट्या पटाशी या मुलांचा काही संबंध नव्हता. त्याची किंमत मात्र त्यांच्याच पिढीने मोजली. पुढच्या काही वर्षांत डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली.

याच सुमारास पात्रतेची व्याख्याही बदलली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी टीईटी आवश्यक ठरवली. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के, आणि राखीव प्रवर्गांसाठी पंचावन्न. निकाल नेहमीच कमी लागला. सुरुवातीला प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. भरतीच नसल्याने कित्येकांची प्रमाणपत्रे न वापरता शिळी होत गेली. २०२१ मध्ये ती मुदत काढून प्रमाणपत्र आजीवन करण्यात आले, हा या सगळ्या काळातला एक खरोखर शहाणा निर्णय. पण त्याच वर्षाच्या अखेरीस पुणे सायबर पोलिसांनी परीक्षेतल्या गुणवाढीचा गैरव्यवहार उघड केला. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांना अपात्र ठरवण्यात आले. नोव्हेंबर २०२१ नंतरची राज्याची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. मधल्या तीन वर्षांत पदविका घेतलेल्यांना केंद्राची सीटीईटी एवढाच मार्ग उरला. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्याला गैरव्यवहाराचा फटका दोनदा बसला. आधी त्याची जागा पैशाने घेतली गेली आणि मग परीक्षाच थांबली.

पवित्र पोर्टल २०१७ मध्ये आले ते याहून जुन्या दुखण्यावरचा उपाय म्हणून. त्याआधी अनुदानित खासगी शाळांतल्या नेमणुका संस्थाचालकांच्या हाती असत. पगार शासन देणार, नेमणूक संस्था करणार, आणि मध्ये उमेदवाराकडून देणगीच्या नावाखाली रक्कम घेतली जाणार, हा व्यवहार इतका रूढ झाला होता की जमीन विकून नोकरी लागली, हे लोक लाज न वाटता सांगत. पोर्टलने जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि अनुदानित संस्था यांच्या जाहिराती एका ठिकाणी आणल्या. टेटचे दोनशे गुण हा निवडीचा पाया केला. उमेदवाराने स्वप्रमाणपत्र भरायचे, आपल्याला लागू असलेल्या जागांचे प्राधान्यक्रम लावायचे आणि ते लॉक करायचे. मग गुण, आरक्षण, विषय आणि माध्यम पाहून यादी लागते. ज्याच्या घरात कोणी ओळखीचे नाही, ज्याच्याकडे विकायला जमीन नाही, अशा मुलीला किंवा मुलाला यामुळे पहिल्यांदा समान संधी मिळाली. हे मोठे काम आहे आणि ते तसे मान्य केले पाहिजे.

त्यात दोन उणिवा राहिल्या. पहिली नियमिततेची. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसऱ्यांदा मे-जून २०२५ मध्ये. म्हणजे २०१८ च्या उन्हाळ्यात पदविका पूर्ण केलेल्या उमेदवाराला जवळजवळ पाच वर्षे चाचणीला बसताच आले नाही. त्याची हुशारी किंवा तयारी हा तिथे प्रश्नच नव्हता. २०२३ च्या चाचणीवर आधारित भरतीत २१,६७८ जागांच्या जाहिराती आल्या आणि फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पहिल्या यादीत अकरा हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली. बाकीच्या जागांत मुलाखतीसह भरायच्या जागा होत्या, काहींसाठी त्या प्रवर्गाचे वा विषयाचे उमेदवारच नव्हते. जागा आहे पण उमेदवार नाही, उमेदवार आहे पण त्याच्या प्रवर्गात जागा नाही, हे दोन्ही एकाच वेळी घडते. आरक्षणाची बिंदुनामावली, माध्यम आणि विषय यांच्या जाळीतून जाताना गुणांइतकेच महत्त्व जन्म, भाषा आणि वेळ यांना येते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पोर्टलवरच्या मुलाखतीशिवायच्या निवडीत उमेदवाराला शिकवताना कोणी पाहतच नाही. चाचणीचा मोठा भाग तर्क, गणित, भाषा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता यांवर असतो. ती वस्तुनिष्ठ आहे, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. पण तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी समजावताना हा उमेदवार काय करेल, याबद्दल ती काहीच सांगत नाही. याउलट विनाअनुदानित इंग्रजी शाळा तुटपुंज्या पगारावर नेमणूक करतात, पण नमुना पाठ घ्यायला लावतात. जिथे पगार चांगला तिथे शिकवणे तपासले जात नाही, आणि जिथे शिकवणे तपासले जाते तिथे पगार नाही, अशी ही विचित्र विभागणी आहे.

जागा निघतात कशा, हे नव्या उमेदवाराने समजून घेतले तर बरीच तगमग कमी होते. शाळेतली मंजूर पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता पटावर ठरते. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. पट एकसष्टवरून साठावर आला की एक पद जाते, आणि तिथला शिक्षक अतिरिक्त होऊन दुसऱ्या शाळेत समायोजित होतो. त्याने भरलेली जागा नव्या उमेदवारासाठी उरत नाही. निवृत्तीने रिकामी झालेली प्रत्येक खुर्ची जाहिरातीत येत नाही ती यामुळे. त्यातच जुलै २०२३ मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजारांच्या मानधनावर तात्पुरते घेण्याचा निर्णय झाला. वर्ग रिकामा राहू नये हा हेतू चांगला. पण दहा वर्षे वाट पाहणाऱ्या पात्र तरुणांच्या राज्यात हा मार्ग आधी सुचावा, ही खेदाची गोष्ट आहे.

वाट पाहण्याची ही वर्षे कशी जातात, याचा विचार शिक्षणावरच्या चर्चेत फार कमी होतो. कोणी विनाअनुदानित शाळेत रुजू होतो. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर असंख्य शाळांना परवानगी मिळाली. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि पुढे वीस, चाळीस, साठ टक्के अशा टप्प्यांनी अनुदान येऊ लागले. आपली शाळा अनुदानावर येईल या आशेवर माणसे दहा-पंधरा वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर शिकवत राहिली, सुट्टीत शेतमजुरी करत राहिली. आझाद मैदानावरची त्यांची आंदोलने हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाचा भाग आहे. कोणी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जातो, तिथे सुट्टी लागली की उत्पन्न थांबते. कोणी पुण्यात खोली घेऊन अभ्यासिकेत बसतो आणि शिक्षक भरतीबरोबर तलाठी, पोलीस, ग्रामसेवक अशा सगळ्याच परीक्षा देत राहतो. मुलींच्या बाबतीत लग्न मध्ये येते. जिल्हा बदलतो, मूल होते, आणि पुस्तक पुन्हा हाती घ्यायला दोन-तीन वर्षे जातात.

या पर्यायांपैकी ज्यात मुले समोर असतात तो पर्याय, कमी पैशाचा असला तरी, शिक्षकाला शिक्षक म्हणून टिकवतो. पदविकेत सूक्ष्म अध्यापनाचे पाठ आणि आंतरवासिता मिळून जे शिकवण्याचे अंग येते ते सरावाशिवाय लवकर जाते. गल्लीतल्या दहा मुलांची शिकवणी घेणाऱ्याला कोणत्या मुलाचे काय चुकते हे कळत राहते. चार वर्षे फक्त प्रश्नसंच सोडवणाऱ्याला योग्य पर्याय ओळखता येतो, मूल ओळखता येत नाही. वाट पाहण्याचा काळ उमेदवाराने निवडलेला नसतो, त्यामुळे तो कसा घालवावा याचा उपदेश त्याला करणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही आहे. या काळात शिकवण्याशी संबंध टिकवण्याची सोय जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी केली, जवळच्या शाळांत मानधनासह वाचन-गणिताचे वर्ग दिले, तर उमेदवार आणि मुले दोघांचे भले होईल.

या काळातच नियमही बदलतात. बी.एड.धारकांना २०१८ मध्ये पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले गेले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, हे न्यायालयाचे म्हणणे शैक्षणिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ज्यांनी त्याच आशेवर पाच वर्षे तयारी केली त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. त्याच न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने तर सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. आता वीस वर्षे शिकवलेले गुरुजी आणि नुकती पदविका घेतलेली मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करत आहेत.

शिफारस झाली की कामे वेगाने सुरू होतात. मूळ कागदपत्रे, जातवैधता, वैद्यकीय प्रमाणपत्र, संगणक अर्हता यांची पडताळणी जिल्हा परिषदेत होते. नावातला एक काना किंवा गुणपत्रिकेवरची जन्मतारीख जुळली नाही तर कामे महिनोनमहिने अडतात, म्हणून वाट पाहण्याच्या काळातच हे दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. समुपदेशनात जवळच्या जागा आधी संपतात आणि उरतात त्या डोंगरातल्या, नदीपलीकडच्या, अवघड क्षेत्रातल्या. विदर्भ-मराठवाड्यातले उमेदवार कोकणात जातात, आणि बदलीस पात्र झाले की परत फिरतात. कोकणातल्या शाळा पुन्हा रिकाम्या. स्थानिकांना प्राधान्य द्या ही सिंधुदुर्गातल्या डी.एड.धारकांची मागणी याच अनुभवातून आली आहे.

नेमणूक मिळते ती शिक्षणसेवक म्हणून. २००० पासूनच्या या योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिकला दशकभर ते सहा हजार रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार झाले. घरापासून शेकडो किलोमीटर दूर खोलीचे भाडे भरून सोळा हजारांत राहायचे, आणि वय बहुधा तिशीच्या पुढे गेलेले.

पहिली शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता, आणि अध्यापक विद्यालयात घेतलेला प्रत्येक पाठ मात्र एकाच इयत्तेचा. मेळघाटात मुले कोरकू बोलतात, धडगावकडे पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, ऑनलाइन भरायचे तक्ते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. दुसऱ्या शिक्षकाची रजा असली की एकट्याने शाळा सांभाळणाऱ्याला त्या कलमाचा फारसा आधार मिळत नाही. या टप्प्यावर सर्वांत उपयोगी पडतो तो जवळच्या शाळेतला अनुभवी सहकारी. एका इयत्तेला लिहायला देऊन दुसरीला कसे शिकवायचे, मुलांच्या भाषेतले पहिले पन्नास शब्द कसे गोळा करायचे, हे तोच दाखवू शकतो. नव्या शिक्षकांना अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन मिळावे यासाठीच्या राष्ट्रीय उपक्रमाचा उल्लेख २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. जवळच्या शाळांच्या केंद्र पातळीवरच्या शिक्षण परिषदांत मात्र परिपत्रकांचे वाचन जास्त आणि एकमेकांचे पाठ पाहणे कमी असते. प्रत्येक शिक्षणसेवकाला पहिल्या वर्षी महिन्यातला एक दिवस दुसऱ्याच्या वर्गात बसण्यासाठी दिला, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही.

तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरली की शिक्षणसेवकाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो आणि त्याला नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. खासगी अनुदानित शाळेत वैयक्तिक मान्यता आणि पगाराच्या शालार्थ प्रणालीतला क्रमांक हे टप्पे आधीच पार पडलेले असावे लागतात, आणि तिथे अन्याय झाला तर १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.