चौथा खेळाडू

'पाथफाइंडर सोसायटी' हा फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायचा संघटित टेबलटॉप खेळ. 2008 साली सुरू झाला. पहिल्या आवृत्तीत टेबलाला साधारण चार खेळाडू लागत, आणि एका साहसकथेचं क्रेडिट खेळाडू म्हणून सहसा एकदाच मिळे. तिघंच जमले की ती कथा आधी खेळलेला कुणीतरी क्रेडिटवर पाणी सोडून चौथा बसे.

मला हा चौथा माणूस छळतो. सापळा कुठल्या दारामागे आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि शेजारणीनं वर्षभर जपलेलं पात्र नेमकं तिकडेच निघालेलं असतं. तो बोलला तर ज्यांच्यासाठी बसला त्यांचाच खेळ नासला. गप्प राहिला तर? 'मी खोटं कुठे बोललो?' ही पळवाट मला पटत नाही; त्याचा निर्विकार चेहरा खोटंच बोलत असतो.

म्हणून त्यानं 'मी हे खेळलोय' असं बसतानाच सांगावं. मग त्याचं गप्प राहणं सगळ्यांनी कबूल केलेलं असतं. दार कुठलं उघडायचं, हे मात्र त्या तिघांनी ठरवावं. (सुचवण्याचा मोह भयंकर असतो.) आणि पात्र मेलंच, तर ती त्याला विचारेल, 'तुला माहीत होतं ना?' त्यानं हो म्हणावं.