कडू काकडी

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, हे आपण भक्तिभावाने सांगतो. त्या मळ्यातल्या कडवटपणाचा विचार मात्र सहसा करीत नाही. काकडीच्या वेलाची पाने स्वभावतःच कडू असतात, आणि तो कडूपणा पुष्कळशा किडींपासून वेलाचे रक्षण करीत असल्यामुळे त्याविरुद्ध फिर्याद करण्याचे कारण नाही. परंतु ऐन उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला, की तेच कडू द्रव्य फळात, विशेषतः देठाकडच्या भागात, उतरते. माणसाच्या अंतःकरणातील कटुताही बहुधा अशीच, आत्मरक्षणाच्या रास्त हक्काने आलेली असते, म्हणून क्षमेचा कोरडा उपदेश मला नेहमीच अन्यायाचा वाटतो. जाणता माळी वेल उपटीत नाही. आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन घालतो, नेमाने पाणी देतो, आणि कडू झालेली फळे मुकाट्याने खुडून टाकतो.