आयदर ऑर सर्व्हायव्हर

आमची शाखा हिंजवडीत आहे, हे मी चारचौघांत सहसा सांगत नाही. लोक लगेच ‘पॅकेज काय?’ म्हणून विचारतात. आमच्याकडे पॅकेज म्हणजे दिवाळीला खातेदाराने आणून दिलेला सोनपापडीचा डबा, आणि तोही सात जणांत एक!

आमचा भाचा मात्र अस्सल हिंजवडीकर. दिवसा फेज दोनमध्ये कॉम्प्युटर बडवतो आणि रात्री खोलीत हेडफोन लावून संगीत ‘प्रोड्यूस’ करतो. पेटी नाही, तबला नाही, नुसता लॅपटॉप. शेजाऱ्यांना ऐकू येत नाही, हा त्या संगीताचा मोठाच गुण म्हणायचा.

एका रविवारी तो उगवला आणि म्हणाला, “मामा, मला कोलॅब करायचंय.”

मला वाटलं कोळंबी करायचीय. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मग कळलं, की आपल्यासारखंच संगीत करणाऱ्या अनोळखी माणसाला मोबाइलवरून निरोप धाडायचा, की या, दोघं मिळून गाणं करू. साहेबांनी चाळीस निरोप धाडले होते आणि सगळीकडे सामसूम. “तुम्ही बँकेत पत्रं लिहिता ना? जरा मसुदा करून द्या.”

मी रात्री बसून झकास मसुदा केला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘तसदीबद्दल क्षमस्व’ पर्यंत. भाचा वाचून म्हणाला, “मामा, यात फक्त थकबाकीचा आकडा घालायचा राहिलाय.”

मग मी त्याचा निरोप पाहिला. ‘तुमचं काम जबरदस्त! माझंही ऐका. एकत्र काही करू या.’ चाळिसांना हेच, फक्त वरचं नाव बदललेलं. कोल्हापूरच्या एका सद्गृहस्थांना तर नाशिकवाल्याच्याच नावाने! एवढ्यात मोबाइल वाजला. नागपूरहून पहिलंवहिलं उत्तर आलं होतं. एकच ओळ : ‘माझं कोणतं गाणं ऐकलंत?’

“कोणतं ऐकलंस रे?”

“वेळ कुठे होता मामा? फॉलोअर बघितले. अकरा हजार आहेत.”

वास्तविक बी.कॉम. झालेल्या माणसाने तत्त्वज्ञानात पडू नये. पण त्या एका ओळीने माझी झोप उडवली. आपण एखाद्याला ‘मिळून करू’ म्हणतो, तेव्हा आपल्याला नक्की काय हवं असतं? माणूस, की त्याचे अकरा हजार? कर्ज मागणारा ‘साहेब, तुमच्यावर भरवसा आहे’ म्हणतो, तेव्हा त्याची नजर माझ्या तोंडावर नसून तिजोरीच्या दारावर असते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात, वेगळा करार नसेल तर नफा सारखा वाटावा, असं चोख लिहिलंय. भागीदाराचं गाणं आधी ऐकावं, असं त्यात कुठेच नाही.

नागपूरवरून मला विजय पाटील आठवले. सुरेंद्र आणि ते, ही संगीतकारांची जोडी. दादा कोंडक्यांनी १९७५ च्या ‘पांडू हवालदार’साठी त्यांना घेतलं आणि नाव दिलं ‘राम-लक्ष्मण’. पुढच्याच वर्षी सुरेंद्र, म्हणजे ‘राम’, वारले. कायद्याने, करारात दुसरं काही नसेल, तर भागीदार गेला की पेढी संपते. पाटलांनी ती संपवली नाही. १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ आला, १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’ आला, घरोघरी नाव पोचलं. आधी राम, मग लक्ष्मण! २०२१ साली ते नागपुरात गेले तेही ‘रामलक्ष्मण’ म्हणूनच.

आमच्याकडे संयुक्त खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असा शेरा असतो. दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर मागे उरेल त्याने. मृत्यूचा दाखला घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘ते नाव कमी करायचंय.’ सख्खे भाऊसुद्धा हेच म्हणतात.

“ब्रँडिंग असेल ते,” भाचा म्हणाला.

असेलही. जयकिशन १९७१ मध्ये गेल्यावर शंकरनीही जोडीचंच नाव चालवलं, तेव्हा बाजाराचा हिशेब असणारच. पण पाटलांची जोडी तेव्हा कितीशी जुनी होती? त्या नावाला भाव आला तो नंतर. शिवाय गेलेला भागीदार चाल देत नाही आणि आपलं नाव का गाळलं म्हणून भांडायलाही येत नाही.

भांडायला तर जिवंत माणूसही येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या आमच्या समूहगीताची चाल माझ्या एका मित्राची. मी पेटीवर बसलो आणि अंतऱ्यात दोन सूर इकडचे तिकडे केले. पत्रिका छापायला मी नेली होती. त्यात ‘संगीत’ या शब्दापुढे एकच नाव आलं, माझं. पहिला नंबर मिळाला. मित्र काही बोलला नाही. उलट चहाचे पैसे त्यानेच दिले. पंचवीस वर्षं झाली. तो कप आमच्या शोकेसमध्ये असतो आणि ही दर दिवाळीला तो चिंच लावून घासते.

भाच्याने तीन रात्री त्या नागपूरकराची गाणी ऐकली. चौथ्या दिवशी लिहिलं, की खरं सांगतो, तेव्हा ऐकलं नव्हतं, आता ऐकलं, आणि दुसऱ्या गाण्यात ढोलकी अचानक थांबते तिथे मीही थांबलो. लगेच फोन आला. दोघं तासभर बोलले. सत्तावन्न मिनिटं ढोलकीवर आणि तीन मिनिटं कुणाचं नाव आधी यावर.

मित्र चिंचवडला असतो. हिंजवडीहून जवळच, म्हणजे रहदारी धरली नाही तर. त्याला निरोप लिहायला मी चार वेळा बसलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ खोडलं. ‘तसदीबद्दल’ही खोडलं. उरलं एवढंच : ‘ती चाल तुझी होती. रविवारी घरी आहेस का?’

काल हिने शोकेस पुसताना विचारलं, “अहो, इथला कप कुठे गेला?”

“पिशवीत ठेवलाय,” मी म्हटलं, “पोचवायचाय.”