देवळाचं वय

आमच्या ग्रामदेवतेचं देऊळ पाडायचं ठरलं ते बोरिवलीत, एका हाउसिंग सोसायटीच्या हॉलमध्ये. देऊळ राजापूर तालुक्यात, पण देवीची बहुतेक लेकरं अंधेरी ते विरार या पट्ट्यात. त्यामुळे मुंबईकर मंडळाची बैठक इथेच भरते. भिंतीवर नकाशा लावला होता. आरसीसी स्लॅब, शिखराला सोनेरी रंग, आत ग्रॅनाइट, पायऱ्यांना स्टीलचे कठडे. ‘देवीला कौल लावला, उजवा दिला,’ असं अध्यक्षांनी सांगितल्यावर चर्चेला काही उरलंच नाही. मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा रंगसंगती सुचवायचं काम माझ्याकडे आलं. देवीने उजवा दिला तो जीर्णोद्धाराला. ग्रॅनाइटसाठी वेगळा कौल लावला होता का, हे अगदी ओठांवर आलं होतं.

जुनं देऊळ जांभ्याचं. वर मंगलोरी कौलं, सभामंडपात फणसाच्या लाकडाचे कोरीव खांब. बसलेल्या माणसाची पाठ खांबाला जिथे टेकते तिथली नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे. उंबरठा मधोमध खोलगट झालाय. नव्या देवळातही देवी तीच असेल, याबद्दल कोणाला शंका नाही, मलाही नाही. विधिपूर्वक देवत्व कलशात घेतलं जाईल, नवा गाभारा झाला की पुन्हा प्रतिष्ठा होईल. गणपतीची उत्तरपूजा करताना आपण दरवर्षी असंच काही करतो. अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवली की देव गेला, उरली माती. इतका सहज जाता-येता देव आपला. मग देऊळ म्हणजे नेमकं काय? देव राहतो ती खोली? तसं असेल तर खोली जुनी की नवी याचं दुःख मला का व्हावं?

हा प्रश्न घेऊन मी जर्मनीला गेले नव्हते. मुलगी-जावई म्युनिकला असतात आणि मला चित्रं बघायची होती, एवढंच. तिथल्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात ड्यूरर या चित्रकाराने 1500 साली रंगवलेलं स्वतःचं चित्र आहे. थेट समोरून, केस खांद्यावर, हात छातीशी, जणू ख्रिस्तच. वर्गात त्याची छापील प्रत दाखवून आयुष्य गेलं, म्हणून आधी त्याच्यासमोर उभी राहिले. पण बाहेर आल्यावर बागेच्या कडेला थांबले ती इमारतीच्या भिंतीपाशी. क्लेन्झे या वास्तुकाराची ही इमारत 1836 साली उघडली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनी तिच्या मधोमध भगदाड पाडलं. पाडूनच टाकावी, असंही घाटत होतं. 1950च्या दशकात हान्स ड्योलगास्ट या वास्तुकाराने ते भगदाड साध्या विटांनी भरलं. खिडक्यांची लय तीच, उंची तीच, पण नक्षी नाही, गिलावा नाही. ढिगाऱ्यातल्याच विटा वापरल्या. आजही लांबून दिसतं की इथे लागलं होतं. ठिगळ लावलं आणि ठिगळ म्हणूनच दिसू दिलं. मुलीने विचारलं, ‘आई, चित्रं आत आहेत ना?’

किल्ल्यांचं मला विशेष नाही, जावईबापूंना आहे. नॉयश्वानस्टाइनला त्यांनीच नेलं. लुडविग राजाने 1869 साली बांधायला घेतलेला हा किल्ला जुन्या काळाचं सोंग आहे. सिंहासनाचं दालन थेट चर्चसारखं, आणि त्यात सिंहासन कधी आलंच नाही. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण मी रमले हायडलबर्गला. डोंगराच्या कुशीत लाल दगडाचा हा राजवाडा चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी 1689 आणि 1693 साली उद्ध्वस्त केला, आणि 1764 साली वीज पडून उरलंसुरलं जळालं. 1900च्या आगेमागे तो पुन्हा उभारावा की नाही, यावर जर्मनीत मोठा वाद झाला. गिओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने आग्रहाने सांगितलं की जे आहे ते जपा, नसलेलं बनवू नका. त्याआधीच फ्रीडरिशबाउ नावाचा एक भाग नव्यासारखा करून झाला होता. बाकीचं मात्र भग्नच राहिलं. छप्पर नसलेल्या दर्शनी भिंती, कोनाड्यांत पुतळे, आणि खिडक्यांमधून मागचं आभाळ.

डेहिओचं म्हणणं मला तेव्हा पूर्ण पटलं. परतीच्या गाडीत ते टोचायला लागलं. हायडलबर्गचा राजा गेला, कायमचा गेला. भग्न राजवाड्याकडे बघताना आपण त्या जाण्याकडेच बघतो. आमची देवी कुठे गेलीय? तिला रोज सकाळी नैवेद्य लागतो आणि आषाढात छप्पर गळू नये असं तिलाही वाटत असणार. तिच्या घराला भग्नावशेष म्हणून जपा, हे सांगणं म्हणजे तिला जिवंतपणी इतिहासजमा करणं. कलेच्या माणसांचा हा एक उद्धटपणा असतो. आम्हाला देऊळ सुंदर हवं असतं, मग पुजाऱ्याच्या डोक्यावर पाणी का ठिबकेना.

ड्रेस्डेनला जाऊन आल्यावर मला थोडी वाट दिसली. तिथलं फ्राउएनकिर्श हे चर्च 1726 ते 1743 या काळात बांधलेलं, वर भलामोठा दगडी घुमट. 13 फेब्रुवारी 1945च्या रात्री शहरावर बॉम्बवर्षाव सुरू झाला. चर्च लगेच पडलं नाही. आगीने तापून, आतून भाजून, 15 तारखेला सकाळी घुमट कोसळला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा युद्धाची आठवण म्हणून तसाच ठेवला गेला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर 1990च्या दशकात काम सुरू झालं. ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून मोजला, त्याची मूळ जागा शोधली आणि जे हजारो दगड वापरण्याजोगे होते ते त्यांच्या जागी परत बसवले. बाकीचे नवे. ऑक्टोबर 2005मध्ये चर्च पुन्हा प्रार्थनेसाठी उघडलं. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या अ‍ॅलन स्मिथ या कारागिराने घडवला. त्याचे वडील त्या बॉम्बफेकीत वैमानिक होते.

समोरच्या चौकातून बघितलं की फिक्या पिवळसर भिंतीवर काळे ठिपके दिसतात, ते जुने दगड. बहुतेक प्रवाशांना वाटतं, ही आगीची काजळी. तसं नाही. तिथल्या वालुकाश्मात लोह असतं, त्यामुळे तो हवा-पाण्यात वर्षानुवर्षं राहिला की आपसूक काळवंडतो. म्हणजे नवे दगडही काळे पडणार. माझ्या नातीची नात तिथे गेली तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे तिला डोळ्यांनी ओळखता येणार नाही. व्रण दिसू द्यायचा, पण तो भरून यायलाही वाव ठेवायचा. आत ढिगाऱ्यात सापडलेला जुना क्रूस आहे, वाकडातिकडा झालेला. लोक तिथे मेणबत्त्या लावत होते. नव्या झळाळत्या वेदीपेक्षा तिथे गर्दी जास्त होती. ती वेदीसुद्धा शेकडो तुकडे जुळवून उभी केलेली आहे.

बर्लिनचा राजवाडाही नव्याने बांधलाय. 1950 साली पाडलेला, आता तीन बाजूंनी हुबेहूब जुना आणि चौथ्या बाजूने सपाट आधुनिक. घुमटावर सोन्याचा क्रूस, आत संग्रहालय, आणि त्यात आपल्याकडचे देव. मी त्यांना हात जोडले. पण त्या वास्तूने मला काही सांगितलं नाही. जुना दगड तिथे हाताला लागतच नव्हता.

आपल्या शास्त्रात खंडित मूर्ती पुजू नये, असं सरसकट मानलं जातं. नाक गेलं, बोट गेलं की मूर्ती डोहात नाहीतर पिंपळाखाली. पण शिल्पग्रंथांनी एक सवलत ठेवली आहे. थोरांनी स्थापलेली, शंभर वर्षं ओलांडलेली मूर्ती भंगली तरी पूज्यच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवत्व मंत्राने येतं आणि मंत्राने जातं, तर शंभर वर्षांची अट कशाला? याचा अर्थ, काळानेही काहीतरी आत येऊन बसतं, हे शास्त्रकारांनी ओळखलं होतं. ते कशातून येतं? पाठ टेकून झिजलेल्या नक्षीतून, पायांनी खोल झालेल्या उंबरठ्यातून. देवळात दोन गोष्टी राहतात असं मी आता मानते. एक देव, दुसरी त्याच्याकडे आलेल्या माणसांची वर्दळ. पहिल्याला कलशात घेऊन नव्या जागी नेता येतं. दुसरीसाठी कुठला कलश नाही. ती ज्या दगडालाकडात मुरली आहे, तेच सोबत न्यावं लागतं.

हे समजायला ड्रेस्डेनला जायची गरज नव्हती, असं कोणी म्हणेल. खरं आहे. माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर मंडपेश्वर आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शिवाचं लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी त्याचं चर्च केलं, वरच्या अंगाला मठ बांधला. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर पोर्तुगीजांचं तिथलं राज्य संपलं. आज मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती वर उभ्या आहेत आणि खाली लेण्यात पिंडीवर बेल वाहिला जातो. महाशिवरात्रीला रांग बाहेरपर्यंत येते. एका भिंतीवर दगडातच कोरलेला मोठा क्रूस आहे, आणि एका बाजूला हातपाय तुटलेली पण तोल न गेलेली शिवाची नृत्यमूर्ती. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना मी तिथे स्केचिंगला नेत असे. त्यांत आयसी कॉलनीतली ख्रिस्ती मुलंही असत. एकाने विचारलं होतं, ‘टीचर, क्रॉसपण काढायचा का?’ म्हटलं, दिसतोय ना, मग काढ. तो क्रूस तासून लेणं ‘शुद्ध’ करावं असं कोणाला वाटलं, तर मी आडवी येईन. क्रूस कोरताना आपलं शिल्प गेलं, याचा राग मला येतो. पण तो तासला तर आपलं काय गेलं हे सांगणारी खूणच पुसली जाईल.

चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत अजून वाजतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर 1707 हे साल आहे. ती वितळवून कोणी नवी ओतली नाही, हे त्या काळच्या माणसांचं शहाणपण. आणि आत्ताचंच बघायचं तर 2024 साली पंढरपुरात विठ्ठल मंदिराचा गाभारा काही आठवडे बंद ठेवून वरचे चांदीचे पत्रे, फरशा वगैरे काढले आणि आतला दगड मोकळा केला. जे पंढरीला चालतं ते आमच्या गावाला का चालू नये?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे बोलून दाखवलं. एक काका उठले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही मे महिन्यात येता. पावसात या. वाळवीने दोन खांब पोखरलेत. एखाद्याच्या अंगावर आलं तर तुमचा जर्मन येणार काय?’ हशा पिकला, मीही हसले. त्यांचं चूक नाही. छप्पर बदलायलाच हवं, पोखरलेले खांबही. स्लॅब पडणार असेल तर पडू दे. पण बाकीच्या खांबांचं काय करणार, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘गिऱ्हाईक आहे.’

ते गिऱ्हाईक मला माहीत आहे. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात, ओशिवऱ्याच्या बाजूला, वाड्यांचे आणि देवळांचे कोरीव खांब भिंतीला टेकून उभे असतात. रिसॉर्टवाले आणि बंगलेवाले घेऊन जातात. खांबाचं गाव कुठलं, हे तिथे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

रंगसंगतीचा कागद मी अजून दिलेला नाही. त्याऐवजी दसऱ्यानंतरच्या बैठकीत ठराव मांडणार आहे. पाडण्याआधी प्रत्येक खांबावर खडूने क्रमांक घालावा, मापं आणि फोटो घ्यावेत. धडधाकट खांब नव्या सभामंडपात उभे करावेत आणि त्यांना ऑइल पेंट लावू नये. जुना उंबरठा आहे तसा नव्या गाभाऱ्याला बसवावा. खर्च देणगीदारांच्या नावाच्या ग्रॅनाइट पाटीपेक्षा कमी येईल, हिशोब करून ठेवलाय. ठरावाला अनुमोदक लागतो. आमच्या गावचं कोणी हे वाचत असेल, तर त्या दिवशी वेळेवर या. आणि तुमच्या गावच्या देवळाचा नकाशा तुमच्या हॉलच्या भिंतीवर लागला असेल, तर आधी खांबांची चौकशी करा.