तेज आवरण्याचा धर्म

पालघर-बोईसर भागात नवी गाडी आली की तिला हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं आणि कधी ना कधी ती मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपुढे उभी राहते. त्यानंतरचा थांबा पुष्कळदा ॲक्सेसरीजच्या दुकानात असतो. कंपनीचा बल्ब मिणमिणतो म्हणून काढायचा आणि त्या जागी शंभर वॅटचा हॅलोजन, एचआयडी किंवा पांढराफेक एलईडी बसवायचा. पहिलं काम धर्माचं आणि दुसरं मेकॅनिकचं, असं आपण धरून चालतो. मला ही वाटणी उलटी वाटते. निघतानाचे विधी हा सवयीचा भाग. आपला उजेड कुठवर जाऊ द्यायचा, हा धर्माचा प्रश्न. हे मत माझं एकट्याचं नाही आणि नवंही नाही. याच जिल्ह्यात, सोपाऱ्याजवळच्या भुईगावला १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, असं त्या लेखात सम्राट सांगतो. त्यांना तो मनाई करत नाही, पण त्यांचं फळ थोडं, असं स्पष्ट म्हणतो. ज्याचं फळ मोठं अशा मंगलाची तो वेगळी यादी देतो, आणि तीत नोकरचाकरांशी नीट वागण्याच्या जोडीला जीवमात्रांच्या बाबतीतला संयम येतो.

दिव्याच्या बाबतीत संयम म्हणजे काय, हे बल्ब हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असणारा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली करंगळीच्या नखाएवढी धातूची वाटी बसवलेली दिसते. तारेचा जो उजेड खालच्या अर्ध्या आरशावर पडून वर, समोरच्याच्या डोळ्यांकडे उसळला असता, तो ही वाटी अडवते. म्हणून भिंतीसमोर गाडी उभी करून डिप्पर लावला की उजेडाला वरून कापल्यासारखी कड दिसते आणि डाव्या बाजूला ती किंचित चढते. रस्त्याची डावी कड दिसावी आणि समोरून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, अशी ती आखणी असते. हा दिवा तयार करणाऱ्याने अंधारही तेवढ्याच काळजीने आखलेला असतो. या जागी स्वस्तातला एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम एखाद-दोन मिलिमीटर सरकतो, त्याचा आकार बदलतो, आणि तारेसाठी घडवलेला आरसा तो उजेड वाटेल तिथे उधळतो. एचआयडीचंही तेच. शंभर वॅटच्या हॅलोजनमध्ये वाटी जागच्या जागी असते खरी, पण होल्डर आणि वायरिंग तेवढ्या करंटसाठी नसतं. ते तापतं आणि कधी वितळतंही. शिवाय एक फसगत सर्वांत सारखीच आहे. गाडीपुढचे पंधरा-वीस मीटर झगझगीत दिसू लागले की बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. चालक खूश असतो, दिसत मात्र पूर्वीपेक्षा कमी असतं.

नीतीचा पेच इथून सुरू होतो. दिव्यामागे बसलेल्याला आपला दिवा कधीच दिसत नाही. तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून मोटरसायकलवर निघालेला कामगार, मनोरच्या बाजूला रस्त्याच्या कडेने पाड्याकडे चालत जाणारी माणसं, मोतीबिंदू पिकू लागलेला रिक्षावाला, यांच्या डोळ्यांत काय जातं याची खबर करणाऱ्याला मिळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचा दोन सेकंद दिपला तर ४४ मीटर तो काही न दिसता धावला, आणि तोवर आपण त्याच्या पाठीमागे कधीच निघून गेलेलो असतो. अपघात झालाच तर तो आपल्या आरशातही दिसत नाही. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे म्हणणं इथे खरं असतं, आणि खरं असूनही निरुपयोगी असतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे गाफीलपणाशी, जोडली आहे. तिथे द्वेषाची अट नाही. त्याच परंपरेत साधूसाठी ईर्यासमिती सांगितली आहे: चालताना पुढची चार हात जमीन पाहायची आणि जितकं दिसतं तितक्याच बेताने पाऊल टाकायचं. याच महामार्गावरून पायी विहार करणारे साधू-साध्वी तो नियम आजही पाळतात. त्यात वेग नजरेच्या हुकमात असतो. जादा बल्बवाला नेमकं उलट करतो. वेग आधी ठरवतो आणि नजर त्याच्यामागे फरफटत नेतो.

करणाऱ्याला परिणाम दिसतच नसेल तर सदसद्विवेकाला विचारून काय उपयोग? म्हणूनच इथे टेप लावून मोजलेला नियम लागतो, आणि तो आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपवणारा उजेड नको. किती रुक्ष वाक्य, पण त्यात वॅट, कंपनी, किंमत यांपैकी काही नाही. आहे तो अनोळखी माणसाचा डोळा. दुकानदार म्हणतो, आरसीवर बल्बची नोंद कुठे असते, मग बदल कसला? निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेणाऱ्या बदलांबाबत कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ठेवली. बल्ब त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. १०६ व्या नियमाला मात्र आरसीशी देणंघेणं नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. इथले रस्ते काळोखे आहेत. चिल्हार फाट्याकडून बोईसरला येताना पावसाळी रात्री ओलं डांबर उजेड गिळतं, पट्टे दिसत नाहीत, मध्येच गुरं बसलेली असतात, आणि १९६९ पासून देशाला अणुवीज देणाऱ्या तारापूरच्या शेजारच्या रस्त्यांनाही यातून सूट नाही. मग पायी माणूस वेळेवर दिसावा म्हणूनच मी बल्ब वाढवला, ही अहिंसाच नव्हे का? युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि त्याला ‘कायदा आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. पण तीच वस्तू दुप्पट अंतरावर तितकीच उजळ दिसायला चौपट प्रकाश लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरचं अंतरही चौपट होतं. वेग थोडा उतरवला तर जे फुकट मिळतं ते बल्बने विकत घेणं महाग पडतं, आणि किंमत दुसरा मोजतो. बहुतेक दिवे मिणमिणतात तेही बल्बमुळे नव्हे. काच उन्हाने पिवळी पडलेली असते, जुन्या वायरीत व्होल्टेज गळतं, फोकस बिघडलेला असतो. काच पॉलिश करा, त्याच वॅटला रिले लावून पूर्ण करंट पोचवा, फोकस नीट लावून घ्या. यात कुणाचा डोळा जात नाही.

ईशावास्योपनिषदाच्या शेवटाकडे पूषन्ला केलेली एक प्रार्थना आहे. सत्याचं मुख सोनेरी पात्राने झाकलेलं आहे, ते उघड, असं सांगून साधक लगेच म्हणतो की तुझे किरण आवरून घे, म्हणजे मला दिसेल. पूषन् हा सूर्याचाच एक आविष्कार, आणि ऋग्वेदात तो वाटांचा स्वामी, वाटसरूंचा राखणदार आहे. रस्त्याच्या देवाकडेच तेज कमी करण्याची मागणी व्हावी याचं भाष्यकारांनी आध्यात्मिक विवेचन केलं आहे, आणि ते योग्यच. मला त्यातलं साधं निरीक्षण अधिक मोलाचं वाटतं: झाकण्याचं काम अंधाराइतकंच उजेडही करतो. दिवाळी-ज्योतीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला हे पचत नाही. उजेड म्हणजे शुभ, जास्त उजेड म्हणजे जास्त शुभ, असा हिशेब आपण नकळत मांडतो.

‘समोरचा ट्रक अप्पर खाली करत नाही, मग मीच का?’ यावर फार शाई खर्च करायला नको. सगळ्यांनी बल्ब वाढवले की सगळेच पुन्हा पहिल्याइतके आंधळे, शिवाय खिसा हलका. पण एक तक्रार मान्य केलीच पाहिजे. पाचशे रुपयांचा एलईडी लावणारा टेम्पोवाला गुन्हेगार, आणि पंचवीस लाखांच्या गाडीचा शोरूममधून आलेला एलईडी सभ्य, हे कसं? उत्तराचा अर्धा भाग तांत्रिक आहे: तो दिवा आणि तो उगम एकत्र घडवून तपासलेले असतात. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी काही एलईडी बल्ब चालू लागले, तेही ठरावीक दिवा आणि ठरावीक गाडी अशी जोडी तपासूनच. उरलेला अर्धा भाग श्रीमंताच्या बाजूने नाही. उंच एसयूव्हीचा कायदेशीर डिप्परसुद्धा स्कूटरवाल्याच्या तोंडावर येतो, आणि मागे माणसं-सामान भरून गाडीचं नाक वर झालं की आणखीच. त्याला पावती फाडता येत नाही. मात्र तशा अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं. ओझं वाढलं की ते फिरवून दिवे खाली झुकवायचे असतात, आणि गाडी विकेपर्यंत त्याला हात न लावलेले मालक काही थोडे नाहीत.